जुनी गाडी घरच्या घरी दुरुस्त केल्याचे अनुभव

काल रात्री शेजारच्यांची गाडी सेल घेईना. किल्ली फिरवली की नुसतं टकटकटक. तो आवाज ऐकला आणि बाबाच आठवले एकदम. असा आवाज आला की ते आधी बॉनेट उघडून बॅटरीच्या टर्मिनलवर बोट फिरवायचे. पांढरट-हिरवट भुकटी बोटाला लागली की निम्मं निदान झालं म्हणायचे. कोमट पाण्यात खायचा सोडा, जुना टूथब्रश, फसफसून सगळी घाण निघायची. मग कोरडं करून घट्ट आवळायचं आणि वरून व्हॅसलिनचा हात.

खाली जाऊन मी तेच केलं. गाडी सुरू झाली! ते बिचारे नवी बॅटरी आणायच्या तयारीत होते.

एक गोष्ट बाबांनी पक्की शिकवली होती. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर जागेवर शॉर्ट होतं.

माझी स्वतःची गाडी पंधरा वर्षांची आहे. पैसे वाचतात म्हणूनच हाताने करते, त्यात लपवायचं काय. पण मला वाटतं, पैसा पार्टमध्ये कमी आणि चुकीच्या निदानात जास्त जातो. नेमकं काय बिघडलंय ते कळलं की गॅरेजला न्यायची वेळ आली तरी तेवढंच काम सांगता येतं. तुम्हीही लिहा, लहान-मोठं काहीही.

निदानाला +१

मल्टिमीटर घ्या सगळ्यांनी. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू केलं की बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४. चालू असतानाही १२ च दिसत असेल तर बॅटरीचा दोष नाही, अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) नाहीतर त्याचा पट्टा बघा. आमच्या भावाने बॅटरी बदलली, आठवड्यात गाडी परत ढकलायला आम्हीच.

बाबांचं वाचून

डोळ्यात पाणी आलं हो. माझ्या काकांचा रिंग पान्यांचा सेट माझ्याकडे आलाय. काका नाहीत आता. सगळे पाने आहेत, दहा नंबरचा तेवढा नाही.

दहा नंबर

तो कोणाकडेच नसतो ताई :) दोन घेऊन ठेवा, एक हरवायला.

ऑइल बदलताना हे बघाच

ऑइल काढणं सोपं आहे. इंजिन थोडं कोमट असताना काढा, पातळ होऊन गाळासकट येतं. सगळे गडबडतात ते फिल्टरपाशी. जुना फिरकीचा फिल्टर खोलला की त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनलाच चिकटून राहते. काळ्यावर काळी, वरून तेलाने माखलेली, बघून कळतच नाही. नवा फिल्टर तिच्यावरच बसवला की रिंगवर रिंग होते, आणि इंजिन चालू होऊन प्रेशर आलं की तिथून ऑइल बाहेर. म्हणून बोट घालून कडेकडेने फिरवायचं, जागा गुळगुळीत धातूची लागली पाहिजे. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा, हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि मग साधारण पाऊण फेरा. पाना नको. ड्रेन बोल्टची वायसर नवीन घाला, आणि बोल्ट आधी हातानेच चढवा. अल्युमिनियमच्या पॅनचे आटे गेले तर वाचवलेले सगळे पैसे तिथेच जातात.

काढलेलं ऑइल कृपा करून गटारात नको. डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे द्या.

जॅक

मुलीला आणायला निघालोय, पण हे लिहूनच जातो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. कोणीही, कधीही, एका मिनिटासाठीही. सील गळलं की जॅक बसतो. उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड लावा, सपाट कडक जमीन बघा, काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करून घ्यायचे. आमच्या ओळखीतला एक जण गेलाय असा. हात जोडून सांगतो.

Re: जॅक

वाईट वाटलं. तुमचं वाचून आत्ताच नवऱ्याला स्टँड मागवायला लावले.

पी ०१७१

इंजिनचा दिवा लागला होता, गाडी आयडलला (उभी, इंजिन नुसतं चालू असताना) मिसिंग करत होती, म्हणजे इंजिन झटके खात होतं. एका गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणाले. स्कॅनर लावून मी स्वतः कोड वाचला, पी ०१७१. म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त. सेन्सर फक्त तक्रार सांगत होता, हवा कुठून घुसते ते शोधायला हवं होतं. शांत जागी इंजिन चालू ठेवून कान लावला तर बारीक स्स्स. इनटेककडे जाणारी व्हॅक्यूमची रबरी नळी वळणावर तडकली होती, वाकवल्याशिवाय चीर दिसतच नव्हती. तेवढी नळी बदलली, दिवा गेला. जुन्या गाडीत रबर आधी मरतं, लोखंड नंतर.

फ्यूज

१५ अँपिअरच्या निळ्याच्या जागी ३० चा हिरवा घालणारे लोक असतात. नका. मग फ्यूज राहतो आणि वायर जळते.

थोडं वेगळं मत

सगळं घरी करायचा हट्ट नको. एअरबॅग (बहुधा पिवळे कनेक्टर), एसीचा गॅस आणि सस्पेन्शनची दाबलेली स्प्रिंग, या तीन गोष्टींना मी हात लावत नाही. टायमिंग बेल्टही (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा) जाणकारासोबतच. बऱ्याच इंजिनांत तो एखादा दाता चुकला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात. ब्रेक उघडले तर फ्लुइड रंगावर सांडू देऊ नका, रंग सोलून निघतो.

अवांतर

ज्यांच्याकडे मांजर-कुत्रं आहे त्यांनी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) सांडलं तर लगेच धुवा. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं म्हणून चाटतात, आणि थोडंसंही जिवावर बेततं.

अरे बापरे

हे माहीतच नव्हतं! आमची मनी दुपारभर गाडीखालीच असते. आज बघते खाली काही ओलं आहे का.

काच

धागा मस्त, वाचनखूण साठवली. मागची पॉवर विंडो वर जाताना मध्येच अडकते, मोटर फिरल्याचा आवाज येतो. मोटर गेली का?

Re: काच

आवाज येतोय तर मोटर जिवंत आहे. आधी काचेच्या कडेची रबरी खाच ओल्या फडक्याने पुसा, वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस नको, धूळ धरतं. तरी अडकली तर दाराचं पॅनेल काढून रेग्युलेटरची (काच वरखाली करणाऱ्या यंत्रणेची) केबल बघा, पुलीवरून उतरली असेल. क्लिप ओढताना प्लास्टिकची पट्टी वापरा, स्क्रू ड्रायव्हरने तुटतात.

धन्यवाद

स्प्रे आहे घरात. रविवारी करते आणि इथेच लिहिते.