मदत हवी आहे: पहिलीतलं लिखाण आणि रोजची रडारड

नमस्कार मंडळी, बडोद्यात दांडिया बाजारात राहते. लेक सहा वर्षांची, पहिलीत. घरी मराठी, खाली खेळताना गुजराती, शाळेत इंग्रजी. रोज १ ते १०० लिहून न्यायचे. काल पाचाचा आकडा उलटा निघाला, बाईंनी अख्खं पान खोडलं. हीच मुलगी मी भेंडी चिरताना चकत्यांचे दहा-दहाचे ढीग लावून अचूक मोजते! २०२०च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वयासाठी खेळातून, कृतीतून शिकणं सांगितलंय, शक्य तिथे घरच्या भाषेत. बाईंना न दुखावता हे कसं बोलू? शिवाय सासूबाईंना मराठी वाचन आत्ताच हवंय, पण बिनरेघेची गुजराती अक्षरंही ती ओळखू लागलीये. घोळ होईल का? तुम्ही कोणती लिपी आधी शिकवलीत?