जिल्ह्याला आधी काय हवं: लॅब की गावोगाव फिरणारा साथरोगतज्ज्ञ?

पायपीट:
केंद्राच्या योजनेतून जिल्ह्याजिल्ह्यांत एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा होताहेत. होऊ देत. पण यंत्र आलं की फीत कापता येते, माणूस नेमला की नाही. त्यामुळे पैसा कुठे जाणार हे ठरलेलंच. माझं म्हणणं, आधी प्रशिक्षित साथरोगतज्ज्ञ द्या. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात गुलेन बारी या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणजे एनआयव्ही, 1952 पासून त्याच शहरात. तरी नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी हा पट्टा दिसला तो रुग्णांचे पत्ते मांडून, पाणी कुठून येतं ते घरोघरी विचारून.

पिपेट:
असहमत. पत्त्यांवरून पाण्याचा संशय येतो. काही रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब करणारा जिवाणू असल्याचं कळलं ते शौचाचे नमुने तपासले म्हणूनच. शिवाय गुलेन बारी बहुधा संसर्गानंतर एक ते तीन आठवड्यांनी दिसतो. तोवर ते पाणी कधीच पिऊन, वाहून गेलेलं! जुलाबाच्या रुग्णांचे नमुने नेहमीच तपासले जात असते, तर इशारा आधी मिळाला असता.

पायपीट:
"तपासले जात असते" म्हणजे कोणी पाठवले असते? जुलाब झाला की गल्लीतला डॉक्टर गोळ्या देतो, विषय संपला. कोणाचा नमुना घ्यायचा हे ठरवणारा माणूस नसेल तर तुमचं जंतू ओळखणारं पीसीआर यंत्र धूळ खाणार.

सासवडकर:
आमच्या पुरंदरमधलं बेलसर विसरलात का? जुलै 2021. गावात तापाचे रुग्ण, सुरुवातीला पाच नमुने एनआयव्हीला गेले, त्यात तीन चिकनगुनिया. तिथेच थांबता आलं असतं. पण पथक गावात आलं, आणखी 41 जणांचे नमुने घेतले, आणि त्यांतल्या एकीत झिका हा डासांमुळे पसरणारा विषाणू निघाला. राज्यातला पहिला. पायपीट यांना माझं +1.

पिपेट:
हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण आहे हो! त्या बाईंना चिकनगुनियाही होता. नुसतं बघून झिका कोणाला ओळखता आला असता? आणि बेलसरपासून पुणे जवळ आहे. हेच तिकडे गडचिरोलीतल्या भामरागडमध्ये झालं असतं तर?

निवृत्त एमओ:
दोघेही वरवरचं बोलताय. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा (एनआयई) साथरोग-प्रशिक्षण कार्यक्रम 2001 पासून आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा (एनसीडीसी) 2012 पासून. दोन-दोन वर्षांचे, उत्तम. पण शिकून आलेल्याला तालुक्यात बसायला पदच नसेल तर तो तिथे का राहील? लॅबचीही तीच गत: टेक्निशियन 11 महिन्यांच्या करारावर, किट संपलं की पुढची मागणी कागदावर. साथींवर नजर ठेवणारा केंद्राचा कार्यक्रम, आयडीएसपी, 2004 मध्ये आला. रुग्ण कळवायला आरोग्यसेविकेचा एस फॉर्म (संशयित), डॉक्टरचा पी (संभाव्य), लॅबचा एल (तपासणीत पक्के). आता सगळं पोर्टलवर. आमच्याकडे 'निरंक', म्हणजे एकही रुग्ण नाही, असं भरायची सवय इतकी, की साथ आधी पेपरात वाचायची.

पायपीट:
म्हणजे पद निर्माण करा, हेच ना? मग मीही तेच म्हणतोय.

निवृत्त एमओ:
नाही. तुम्ही लॅब 'नंतर' म्हणालात. नमुन्याचा रिपोर्ट महिन्याने आला की सेविका पुढच्या वेळी नमुना घ्यायचंच सोडते. मी हे पाहिलंय.

पिपेट:
चला, एक मत फुटलं.

पायपीट:
फुटलं नाही. महिना लागतो तो मशीनमध्ये नाही, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रिजपासून जिल्ह्यापर्यंत. त्या गाडीचं डिझेल तुमच्या लॅबच्या बजेटमध्ये कुठल्या ओळीत आहे, ते दाखवा.