इटलीतील फोर्ली: आजोबांच्या भावाच्या युद्धस्मारकाला एका दिवसात जाऊन येता येईल का?

कृष्णाकाठ:

माझ्या वडिलांचे थोरले काका 5व्या मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते आणि 1944 च्या अखेरीस ते इटलीत मारले गेले, एवढेच आमच्या घरात सांगितले जाते. वडिलांचा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे त्यांनी काकांना पाहिलेले नाही. मात्र त्यांची आजी, म्हणजे त्या शिपायाची आई, शेवटपर्यंत जेवायला बसण्यापूर्वी एक घास बाजूला काढून ठेवत असे, हे त्यांनी लहानपणी रोज पाहिले आहे. येत्या सप्टेंबरात आम्ही आठ दिवसांसाठी इटलीला जात आहोत. वडिलांचे वय सत्त्याहत्तर असून ते काठी घेऊन चालतात, आणि बाकी काही दाखवले नाही तरी चालेल पण काकांच्या कबरीवर न्या, असे त्यांनी बजावले आहे.

फोर्ली येथे भारतीय सैनिकांची दफनभूमी असल्याचे वाचनात आले. आमचा मुक्काम फ्लॉरेन्सला असेल. तेथून एका दिवसात जाऊन येणे वडिलांना झेपेल का, रेल्वे बरी की भाड्याची गाडी, आणि गावची मूठभर माती व थोडे पेढे सोबत नेता येतील का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

जुने दप्तर:

तिकिटे काढण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करून घ्या: आपले आजोबा फोर्लीलाच आहेत हे आपणांस कशावरून ठाऊक आहे? इटलीत लढलेल्या भारतीय सैनिकांची नावे कासिनो, सांग्रो नदी, रिमिनी, फोर्ली अशा अनेक ठिकाणी विखुरलेली आहेत, आणि ही ठिकाणे एकमेकांपासून इतकी दूर आहेत की चुकीचे ठिकाण निवडल्यास तो दिवस गेलाच असे समजा.

या सर्व जागांची निगा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही 1917 साली स्थापन झालेली संस्था राखते (तिचा खर्च उचलणाऱ्या सहा देशांमध्ये भारतही आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नसते). तिच्या संकेतस्थळावर नाव विनामूल्य शोधता येते, परंतु आपल्या लोकांची नावे शोधणे हे चिकाटीचे काम आहे. अनेकदा संपूर्ण नाव आडनावाच्याच रकान्यात असते, म्हणून पहिल्या नावाचा रकाना रिकामा ठेवावा. त्या काळच्या इंग्रजी कागदांत रेजिमेंटच्या नावातील ‘मराठा’ या शब्दात एक जादा ‘एच’ लिहीत, तोही ध्यानात ठेवावा. घरात जुना पेन्शनचा कागद असेल तर त्यावरील सेवा क्रमांक हा सर्वांत भरवशाचा धागा होय. नोंदीत पुष्कळदा वडिलांचे नाव व गाव दिलेले असते. गावाचे स्पेलिंग कारकुनाने कानावर पडले तसे उतरवलेले असल्यामुळे ते मोठ्याने वाचून पाहावे, म्हणजे उलगडते.

आता मुख्य मुद्दा. हिंदू सैनिकांचे शक्य तेथे दहन केले जात असे, आणि अशा सैनिकांना स्वतंत्र कबर नसते. त्यांची नावे दफनभूमीच्या आवारातील दहन-स्मारकावर कोरलेली असतात. फोर्लीच्या भारतीय दफनभूमीत जवळपास 500 कबरी आहेत, तर दहन-स्मारकावर साडेसातशेहून अधिक नावे आहेत. ज्यांचा पत्ताच लागला नाही त्यांची नावे कासिनोच्या स्मारकावर आहेत. त्यामुळे आपल्या नोंदीत प्लॉट, रांग आणि कबरीचा क्रमांक आहे, की स्मारकाचे नाव आहे, हे आधी पाहा. वडिलांनी मनाशी कबर धरली आहे. तेथे पोहोचल्यावर त्यांना कबर नसल्याचे कळण्यापेक्षा ते घरीच कळलेले बरे.

पायवाट:

जागा फोर्ली ठरली असे गृहीत धरून प्रवासाचे लिहितो, कारण मी तीन वर्षांपूर्वी आईला घेऊन तेथे गेलो होतो.

नकाशावर फ्लॉरेन्स आणि फोर्ली जवळ दिसतात, पण मध्ये अपेनाइन पर्वत आहे. थेट रस्ता मुराल्योनेच्या 907 मीटर उंचीच्या घाटातून जातो; वळणे मोजण्यापलीकडची आहेत आणि गाडी लागणाऱ्या माणसाचे हाल होतात. रेल्वेने वळसा पडतो, तरी तीच सोयीची. फ्लॉरेन्सहून बोलोन्यापर्यंत वेगवान गाडी पाऊण तासाच्या आत पोहोचवते आणि तेथून रिमिनीकडे जाणारी साधी प्रादेशिक गाडी साधारण तेवढ्याच वेळात फोर्लीला सोडते. मात्र बोलोन्याला वेगवान गाड्यांचे फलाट जमिनीखाली खोलवर आहेत. लिफ्ट शोधत वर यायला आईला आणि मला वीस मिनिटे लागली आणि पुढची गाडी डोळ्यांदेखत सुटली. काठी घेऊन चालणाऱ्या माणसासाठी मध्ये किमान चाळीस मिनिटे ठेवा. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात घालून शिक्का उमटवायचा असतो. जाण्याच्या दिवशी रेल्वेचा संप नाही ना, हेही आदल्या आठवड्यात पाहून ठेवा. तेथे संप आधी जाहीर होतात.

दुसरी चूक अधिक महागात पडली. फोर्लीत एक नव्हे तर दोन युद्ध-दफनभूमी आहेत. मी टॅक्सीवाल्याला नुसते ‘वॉर सिमेट्री’ म्हणालो आणि त्याने सचोटीने दुसऱ्याच दफनभूमीत नेऊन सोडले. आई रांगेमागून रांग पाहत होती, सर्व नावे इंग्रजी, आणि मला फाटकावरची पाटी नीट वाचेपर्यंत पत्ता नव्हता. आपल्याला हवी ती रावेन्नाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहराच्या दफनभूमीजवळ आहे. पत्ता कागदावर लिहून दाखवा, आणि परतीसाठी त्याच टॅक्सीवाल्याशी वेळ ठरवून घ्या, कारण तेथे उभे राहून टॅक्सी मिळत नाही.

रानजाई:

माती आणि पेढे घरीच ठेवा. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून माती आणण्यास मनाई आहे, आणि प्रवाशांना दुधाचे पदार्थही आणता येत नाहीत. फुले मात्र फोर्लीतच घ्यावीत. समई किंवा उदबत्ती थेट दगडावर लावू नये. तेलाचा डाग त्या पांढऱ्या दगडातून निघत नाही.

कृष्णाकाठ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आत्याच्या ट्रंकेत पेन्शनचा कागद मिळाला, आणि सेवा क्रमांक टाकताच नोंद समोर आली: फोर्ली दहन-स्मारक. गावाचे नाव असे लिहिले आहे की ‘जुने दप्तर’ यांनी सांगितल्याप्रमाणे मोठ्याने वाचल्यावरच ओळखू आले.

वडिलांना कबर नाही हे कसे सांगावे, या विवंचनेत मी दोन दिवस काढले. सांगितल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “म्हणजे अग्नी दिला होता ना?” होय म्हटल्यावर त्यांनी आत्याला फोन लावायला सांगितला. पोराला परक्या मुलखात पुरले, अग्नीसुद्धा मिळाला नाही, हे आजी मरेपर्यंत बोलून दाखवत असे, असे त्या दोघांच्या बोलण्यातून मला प्रथमच कळले.

आता रेल्वेनेच जाणार आहोत. सकाळी निघून दुपारच्या उन्हाआधी स्मारकापाशी दीड तास मिळेल असा बेत आहे. माती नेणार नाही. एकच विचारायचे राहिले: तेथे भेट देणाऱ्यांसाठी वही असते असे ऐकतो. वडिलांना इंग्रजी लिहिता येत नाही. त्यांनी मराठीत लिहिले तर चालेल का?

पायवाट:

अवश्य चालेल. वही भिंतीतील लहानशा धातूच्या दाराआड असते. दार जड आहे, ते तुम्ही उघडून द्या. आईने मराठीतच लिहिले होते. पेन आपले न्या, तेथले वाळून गेलेले होते.