ऑटोमॅटिक कार वॉशमध्ये खरंच नवीन काय आलंय? इंदूरला कोणतं मशीन चालेल?

रिंगरोडकर

नमस्कार मंडळी. बंगाली चौराह्याच्या पुढे रिंग रोडला आमचं जुनं धुलाई सेंटर आहे. बाबांनी सुरू केलेलं. दोन रॅम्प, एक प्रेशर पंप, फोमची टाकी आणि हाताखाली पोरं. पोरं हल्ली टिकत नाहीत, डिलिव्हरीच्या कामाला पळतात. उन्हाळ्यात बोरिंग आटतं, मग टँकर मागवा. म्हणून आता ऑटोमॅटिक मशीन बसवायचं घाटतंय.

तीन एजंट येऊन गेले. पहिला म्हणतो, टचलेस घ्या, गाडीला काही लागतच नाही. दुसरा म्हणतो, टचलेसने गाडी निघतच नाही, फोम ब्रशचं गँट्री मशीन घ्या (उभ्या गाडीवरून पुढेमागे सरकणारी कमान). तिसरा थेट टनेल, म्हणजे गाडी ओढत नेत धुणारा बोगदा, गळ्यात मारायला निघालाय, तासाला साठ गाड्या म्हणे. अहो, आमच्याकडे धनतेरसलासुद्धा दिवसभरात साठ होत नाहीत! तिघांच्याही कॅटलॉगवर ‘लेटेस्ट टेक्नॉलॉजी’ लिहिलेलं आहेच.

गिऱ्हाइकांचं एकच पालुपद: "भिया, ब्रशवाली मशीन मत लगाना, स्क्रॅच पड़ते हैं." हे कितपत खरं? आणि ह्या सगळ्यात खरोखर नवीन काय आहे, नुसता रंग मारलेलं काय आहे, हे कोणी जाणकार सांगेल का?

सुदामानगरची सई

जाणकार नाही, पण काळ्या गाडीची मालकीण आहे, तेव्हा बोलायचा हक्क आहे. माझ्या बॉनेटवर ऊन पडलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात, आणि गाडी आजवर एकदाही ब्रशच्या मशीनखाली गेलेली नाही! हाताने धुणाऱ्यांकडेच जाते. मागे एका ठिकाणी उभी राहून बघत होते. मुलाने दाराखालची चिखलाची पट्टी पुसली, फडकं बादलीत बुचकळलं, बादलीचं पाणी चहासारखं झालेलं, आणि तेच फडकं बॉनेटवर. मी ओरडेपर्यंत अर्धं बॉनेट पुसून झालं होतं.

तेव्हा ‘हाताने धुतलं म्हणजे सुरक्षित’ ही गिऱ्हाइकांची समजूत आधी तपासायला हवी.

पीथमपूरचा रिटायर्ड मेंटेनन्सवाला

सईताईंनी नेमकं सांगितलं. ओरखडा ब्रशने पडत नाही, ब्रश आणि रंग यांच्यामध्ये अडकलेल्या कणाने पडतो. गाडीच्या रंगावरचा क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉन, माणसाच्या केसाहून पातळ. तो फडक्याखालच्या वाळूनेही जातो.

आता ‘लेटेस्ट’चं बघू. कन्व्हेयरवर गाडी ओढत नेणारं अर्धस्वयंचलित कार वॉश डेट्रॉइटला १९४६ मध्ये सुरू झालं. गाडी जागच्या जागी उभी आणि दोन उभे ब्रश तिच्याभोवती फिरतात, ह्या रचनेचं पेटंट जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या दोघांचं, १९६२ सालचं. तुमचा दुसरा एजंट जे गँट्री मशीन दाखवतोय त्याचा सांगाडा तोच. त्यात वाईट काही नाही. पण पैसे सांगाड्याचे मोजू नका, बदललंय त्याचे मोजा.

पहिला बदल ब्रशच्या मालाचा. पूर्वी प्लास्टिकचे केस असायचे. गुच्छात वाळू बसली की मागच्या गाडीची वाळू पुढच्या गाडीवर. मग कापडी पट्ट्या आल्या, त्या मऊ खऱ्या, पण पाणी पिऊन जड होतात आणि गाळ धरून बसतात. आता चांगल्या मशीनला येतो तो बंद पेशींचा फोम. त्यातला प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र मिटलेला, त्यामुळे पाणी आत शिरत नाही, पट्टी हलकी राहते आणि कणांना घुसायला जागा मिळत नाही. एजंटकडून पट्टीचा तुकडा मागा. बादलीत दाबून धरा, वर काढा, पिळा. पाणी गळलं तर तो स्पंज आहे, फोम म्हणून विकतोय. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

दुसरा बदल बाहेरून दिसत नाही. जुन्या मशीनमध्ये ब्रश गाडीला किती दाबायचा हे वजनाने नाहीतर लिमिट स्विचने ठरायचं. आता ब्रशच्या मोटरचा लोड मोजतात. ब्रश पत्र्याला टेकला की मोटर जास्त वॅट ओढते, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कंट्रोलर) तेवढ्यावरून ओळखतो आणि ब्रश आत-बाहेर सरकवतो. फोटोसेल, म्हणजे प्रकाशाचे सेन्सर, गाडीचा आकार आधी वाचून ठेवतात, त्यामुळे आडवा ब्रश काचेवरून छपरावर चढताना धडकत नाही. डेमो बघायला गेलात तर चकचकीत सेडानवर बघू नका. मागे वायपर असलेली हॅचबॅक न्या आणि ब्रश त्या वायपरशी काय करतो ते बघा.

टचलेसची गंमत वेगळी. पाणी कितीही जोरात मारा, पत्र्याला अगदी चिकटलेल्या थरात त्याचा वेग जवळजवळ शून्य होतो. त्या थरापेक्षा बारीक धूळ आणि डिझेलच्या धुराची चिकट साय तिथे आरामात बसून राहते. तेलकट कढई नुसती नळाखाली धरून निघते का? हेन्केल कंपनीच्या हर्बर्ट झिनरने १९५९ मध्ये धुण्याचं गणित मांडलं: रसायन, घासणं, तापमान आणि वेळ. एक कमी केलं की बाकीच्यांनी भरून काढायचं. टचलेसमध्ये घासणं काढून टाकलं, गरम पाणी आपल्याकडे कोणी देत नाही, गिऱ्हाइकाला वेळ नाही, उरलं रसायन. म्हणून त्यात आधी आम्लधर्मी आणि मग अल्कलीधर्मी असे दोन जहाल फवारे मारतात. काही आम्ल फवाऱ्यांत अमोनियम बायफ्लोराइड असतं, ते कातडीसाठी फार वाईट. ड्रमवरचं लेबल आणि सेफ्टी शीट वाचल्याशिवाय पोरांना हात लावू देऊ नका. वर पाणीही जास्त लागतं. ज्याला पाण्याची वानवा आहे त्याने टचलेस कशाला घ्यावं?

आणि आता पाणी. कॅटलॉगमध्ये ह्याला अर्धं पान असतं, पण इंदूरला धंदा चालणार की बसणार ते इथे ठरतं.

नळीने धुताना मिनिटाला १५-२० लिटर पाणी जातं. दहा मिनिटं नळी चालू ठेवली की दीड-दोनशे लिटर गटारात. मशीनसोबत रिसायकलिंग प्लँट घेतला तर ह्यातलं बरंचसं पुन्हा वापरता येतं. गाळ बसायचा हौद, तेल वेगळं करायचा कप्पा, मग हायड्रोसायक्लोन. त्यात पाणी गरगर फिरतं, जड कण कडेला फेकले जाऊन खाली उतरतात. वाळू आणि मुरमासाठी उत्तम. पण आपली माती कोणती? माळव्याची काळी माती! पावसाळ्यात सांवेर, देपालपूरकडून आलेली गाडी बघा, चाकाच्या कमानीत लोण्यासारखा गोळा बसलेला असतो. ह्या चिकणमातीचे कण २ मायक्रॉनपेक्षाही बारीक. ते सायक्लोनमध्ये सापडत नाहीत आणि हौदात बसत नाहीत, कारण सगळ्यांवर ऋण भार असतो आणि ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. रात्रभर ठेवलं तरी सकाळी पाणी गढूळच.

त्यावर इलाज आपल्या आज्यांना ठाऊक होता: तुरटी. तिच्यातलं ॲल्युमिनियम तो भार मारतं, कण एकत्र येतात, गोळे होऊन खाली बसतात. प्लँटमध्ये हेच डोसिंग पंपाने करतात, तुरटी किंवा पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड वापरून. मात्र शॅम्पू फार अल्कलीधर्मी असेल तर तुरटी नीट काम करत नाही, म्हणून शॅम्पू आणि रिसायकलिंग एकाच माणसाशी बोलून ठरवा. एजंटला विचारा: कोआग्युलंट (तुरटीसारखं कण गोळा करणारं रसायन) डोसिंग आहे का? तो डोळे मिचकावायला लागला तर त्याचा प्लँट वाळूच्या मुलखासाठी बनलेला आहे असं समजा. आणि तुमच्याच रॅम्पखालच्या चेंबरमधलं गढूळ पाणी चार काचेच्या बरण्यांत भरून, प्रत्येकीत वेगळी मात्रा टाकून त्याच्यासमोर जार टेस्ट करायला लावा. मी तर हे आधी करीन, किमतीचं नंतर बोलीन.

एक गोष्ट रिसायकलिंगने जात नाही, ती म्हणजे विरघळलेले क्षार. उलट प्रत्येक फेरीत ते वाढतात. शेवटचं धुणं त्या पाण्याने केलंत तर काळ्या गाडीवर पांढरे ठिपके उमटणारच. त्यासाठी शेवटचा फवारा आरओच्या पाण्याचा ठेवायचा. गाडीबरोबर जे पाणी निघून जातं त्याची भरपाई ह्याच आरओच्या पाण्याने होते. आरओमधून बाहेर पडणारं खारं पाणी फेकू नका, चाकांच्या पहिल्या धुण्याला घ्या.

टनेलचं उत्तर तुम्हीच दिलंत. गाड्याच नाहीत तर टनेल कशाला?

बनशंकरी_बंगळूर

मी मूळचा इंदूरचाच, लोकमान्य नगरातला. इथे बंगळूरला मार्च २०२४ मध्ये पाण्याची बोंब झाली तेव्हा पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर बंदी आणली होती, ५,००० रुपये दंड. ज्यांच्याकडे रिसायकलिंग होतं त्यांनाच सांगायला तोंड होतं. इंदूर २०२१ मध्ये देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर (सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय न सोडणारं) ठरलं हे खरं, पण नर्मदा आपल्या दारातून वाहत नाही, नर्मदाकाठच्या जलूदहून पंपाने चढवून आणावी लागते. आज ना उद्या तिथेही नियम येतीलच, तेव्हा प्लँट आत्ताच घ्या.

काकांना एक विचारायचं होतं. आमच्या सोसायटीजवळच्या वॉशमध्ये सकाळी पहिली गाडी लावली की सडक्या अंड्यांचा वास येतो. गाडीतसुद्धा शिरतो. हे रिसायकल पाण्यामुळेच ना?

पीथमपूरचा रिटायर्ड मेंटेनन्सवाला

पाण्यामुळे नाही, पाणी रात्रभर निपचित ठेवल्यामुळे. हौदात शॅम्पू, तेल, चिखल, सगळं जंतूंचं खाद्य. ते आधी पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतू कामाला लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. दुकान बंद असतानाही एक छोटा ब्लोअर हौदात हवा सोडत राहिला पाहिजे. काही प्लँटमध्ये ओझोन सोडतात, तो जंतूही मारतो आणि पाण्याचा रंगही उतरवतो. पण खालचा गाळच महिनोन्‌महिने काढला नसेल तर ओझोन बिचारा काय करणार? वास येतो तिथल्या मालकाने वीज वाचवायला रात्री मेन स्विच पाडलेला असणार, पैज लावतो.

रिंगरोडकर

काका, डोळे उघडले. फोम पट्टीचा तुकडा आज दुसऱ्या एजंटकडे मागितला, म्हणाला "ऑफिस से पूछ के बताता हूँ." बघू.

दोन शंका उरल्यात. आमचं वीज कनेक्शन लहान आहे, आणि एजंट म्हणतो ड्रायरसाठी लोड बराच वाढवावा लागेल. ड्रायर सोडून दिला आणि पोरांनी मायक्रोफायबरने पुसलं तर? दुसरं, आमच्याकडे थार बऱ्याच येतात. मागच्या स्टेपनीचं काय करायचं?

पीथमपूरचा रिटायर्ड मेंटेनन्सवाला

ड्रायर सोडलात की सईताईंचं फडकं परत आलं. सोडू नका, लहान घ्या.

ड्रायर हाच सगळ्यात खादाड भाग असतो, एकेक ब्लोअर १० एचपीच्या आसपास. थेट स्टार्टरवर चालू केला तर सुरुवातीला सहा-सात पट करंट खेचतो, शेजारच्या दुकानाचे दिवे मिचमिचतात. व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) घ्या. पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज निम्मीच लागते, कारण ती वेगाच्या घनाने बदलते. सपाट छपरावर वेग कमी, मागच्या काचेपाशी आणि नंबर प्लेटच्या खोबणीत पूर्ण, असं प्रोग्रॅममध्ये बसवता येतं. दोन ब्लोअर एकदम सुरू न करता काही सेकंदांच्या अंतराने करायला सांगा. सुरू करतानाचा झटका त्याने विभागला जातो.

आणि त्याआधी ड्राइंग एड नावाचा फवारा असतो. ओल्या रंगाच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, ह्या फवाऱ्यातला धन भाराचा रेणू तिथे जाऊन चिकटतो आणि तेलकट शेपटी बाहेर काढतो. पाण्याचा सलग पडदा फाटून थेंब होतात, मग थोड्या हवेनेही घरंगळतात. फवाऱ्याचं नोझल तुंबलं असेल तर ब्लोअर कितीही मोठा लावा, गाडी ओलीच राहील. त्यामुळे गाडी ओली निघाली की आधी ते नोझल बघायचं, मोटरवर मागाहून संशय घ्यायचा.

थारचं म्हणाल तर चांगल्या मशीनच्या पॅनलवर स्टेपनीसाठी आणि रूफ कॅरियरसाठी वेगळी बटणं असतात. दाबलं की आडवा ब्रश मागे खाली न उतरता अलीकडेच थांबतो. तेवढा मागचा भाग तुमच्या पोरांनी लान्सने (प्रेशर पंपाच्या लांब दांड्याने) धुवायचा. बटण गिऱ्हाइकाच्या भरवशावर सोडू नका, ते तुमच्याच माणसाने दाबायचं. आणि गाडी आत घ्यायच्या आधी अँटेना काढली का, आरसे मिटले का, ऑटो वायपर बंद आहे का, हेही त्यानेच बघायचं. ऑटो वायपर चालू राहिला तर पाणी पडल्या पडल्या तो ब्रशच्या मध्येच हात घालतो.

सिव्हिल कामाचं ड्रॉइंग आलं की इथे टाका. हौदातला गाळ काढायला सक्शन टँकर कुठे उभा राहणार, ते एजंटच्या ड्रॉइंगमध्ये कधीच दाखवलेलं नसतं.