राखेच्या रांगेत दोघे भाऊ

बावखल: ईस्टरआधीचा उपवासकाळ बुधवारी सुरू झाला आणि आमच्या वसईतल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, कपाळाला राख लावून घ्यायला रांग लागली होती. माझ्यापुढे चार माणसं सोडून माझा सख्खा भाऊ. वाडीच्या बांधावरून 6 वर्षं बोलणं नाही. दोघांनीही 'माणसा, तू माती आहेस' ऐकलं, कपाळावर क्रूस घेतला आणि वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडलो. घरी येऊन मी जाहीर केलं, ईस्टरपर्यंत मटण बंद. बायको म्हणाली, "पापलेट चालेल ना?" चालतं. नियम मांसाचा आहे, मासळीचा नाही.

माझं मत सरळ आहे. उपवास, क्रूसाची वाट म्हणजे येशूच्या मरणवाटेची प्रार्थना, पापनिवेदन म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करणं, या सगळ्यामुळे ज्याचं वाईट केलं त्याला तोंड न दाखवता सुटायची सोय होते. बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायात येशू काय म्हणतो? वेदीपाशी आल्यावर भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मला रांगेतून कुणी परत पाठवलं नाही.

सुकेळी: परत पाठवायचं काम फादरांचं की तुमचं? पापनिवेदन केलं की सुटलो, असं शिकवतं कोण? कॅथॉलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथाचा 1459वा परिच्छेद वाचा: शेजाऱ्याचं नुकसान केलं असेल तर होईल तितकं भरून द्यायचं, चोरलेलं परत करायचं. संस्काराच्या नावाने खडे फोडू नका. आणि उपवासाची सक्ती तरी किती? राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तीही 18 ते 59 वयाच्यांना. शिवाय उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस नाही. बाकीचं तुम्हीच लावून घेतलंत आणि दवंडीही तुम्हीच पिटलीत. त्याच बुधवारी मिस्सात, म्हणजे देवळातल्या उपासनेत, मत्तयाचा 6वा अध्याय वाचतात. उपवास कर, पण तोंड धू, लोकांना दाखवू नकोस.

नगरी: मी प्रोटेस्टंट घरातला, लहानपणी राख कधी पाहिली नाही. 1522 साली झुरिकच्या एका छापखानेवाल्याच्या घरी ऐन उपवासकाळात सॉसेज खाल्ले गेले आणि तिथला धर्मसुधारक झ्विंग्ली याने खाणाऱ्यांची बाजू घेतली; आम्ही त्या बाजूचे. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मुली रडत रडत पापं कबूल करत होत्या, तेव्हा जून महिना होता. पश्चात्तापाला कॅलेंडर लागत नाही. बावखल यांच्याशी सहमत.

चहा बिनसाखरेचा: बावखल, जून चालतो ना? मग 6 वर्षांत 6 जून येऊन गेले. कुठल्या जूनमध्ये गेला होतात हो भावाकडे?

कॅलेंडर नसलं की माणूस ढिम्म हलत नाही. माझ्या सासूबाई या दिवसांत चहात साखर घेत नाहीत. म्हणतात, पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं आणि कुणाशी वाकडं वागले ते आठवतं. हसा खुशाल. पण गेल्या वर्षी त्या चहाचा कप हातात घेऊनच त्या शेजारणीकडे गेल्या होत्या. ही राख गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या रविवारी मिरवणुकीत धरलेल्या झावळ्यांची असते. बावखल, त्या झावळ्या घेऊनही तुम्ही दोघे एकाच मिरवणुकीत चालला असाल.

नगरी: सासूबाईंना नमस्कार. पण साखर सोडणारे सगळेच शेजारणीकडे जात नाहीत. बहुतेकांचं वजन तेवढं उतरतं.

सुकेळी: एक विचारू? बांध सरकवला कुणी?

बावखल: तो विषय वेगळा आहे.

सुकेळी: तोच विषय आहे.

बावखल: मोजणी आणली होती. भावाची दीड हात जागा माझ्याकडे निघाली. मी म्हटलं, मोजणीच चुकीची.

चहा बिनसाखरेचा: बायबलमधल्या जक्कय जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं होतं. तुम्हाला दीड हातच द्यायचाय.

बावखल: त्या दीड हातात माझे दोन नारळ आहेत.