काळी वाळू फोटोत राखाडी का येते?

काळी वाळू फोटोत सिमेंटसारखी दिसते म्हणालात, त्यात लेन्सचा दोष नाही. कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतो, म्हणून काळं दिसलं की उजेड वाढवतो. आइसलंडला व्हीक गावाजवळच्या रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर माझे पहिले पन्नासेक फोटो असेच वाया गेले. एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणा, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड निम्माच घ्या; वाळू काळी होते आणि लाटेचा फेसही जळून नुसता पांढरा डाग होत नाही.

आणखी एक. लाट येताना नाही, परतताना टिपा. शटर अर्धा सेकंद उघडं ठेवलं की फेसाच्या पांढऱ्या रेघा ओल्या वाळूवरून ओघळताना दिसतात. सुकी वाळू मात्र ओल्या वाळूपेक्षा फिकीच येते.

किनाऱ्यावरचे बसाल्टचे खांब म्हणजे आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचेच भाऊबंद. लाव्हा थंड होताना आक्रसतो, तडकतो आणि असे बहुकोनी खांब तयार होतात. ढगाळ हवेत त्यांच्या कडा सपाट दिसतात. तिरकं ऊन पडेपर्यंत थांबा.

आणि ट्रायपॉड लावून समुद्राकडे पाठ करू नका हो! तिथे दहा लाटा शहाण्यासारख्या येतात आणि अकरावी थेट खांबांपर्यंत धावते. माणसं गेली आहेत तिथे. मी गुडघ्यापर्यंत भिजण्यावर सुटलो, पण ट्रायपॉडच्या सांध्यातली वाळू अजून करकरते.