तीन मुलं, होमस्कूलिंगला कुठला अभ्यासक्रम घ्यावा?

सांगलीची_आई: मुलं १२, ९ आणि ५ वर्षांची, यंदापासून घरीच शिकवतेय पण तिघांची वेगवेगळी पुस्तकं घेऊन बसलं की दुपारपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. काय करू?

कराडकर: ताई, गणित आणि भाषा ज्याची त्याची ठेवा, बाकी इतिहास, विज्ञान, परिसर एकत्रच घ्या. आम्ही पोरांना कराडच्या प्रीतिसंगमावर, म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावर नेलं, धाकटीनं चित्र काढलं, मोठ्यानं नकाशा, आणि मग पाऊस, धरण, ऊस सगळं त्यातनंच निघालं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, आधी ती बघा, महागडा सेट लगेच नको.

वाईची_मावशी: थोरल्याच्या दहावीचं आत्ताच बघून ठेव गं, एनआयओएसला, म्हणजे घरी शिकून दहावी देता येते त्या सरकारी मुक्त शाळेला, १४ वर्षं पूर्ण लागतात.

सांगलीची_आई: एकत्रवालं पटलं! सोमवारी हरिपूरच्या संगमावर नेते तिघांना.